राहून गेलेला ‘न’

काळाचौकी,
धनत्रयोदशीचा आदला दिवस

प्रिय हितेंद्र,

सगळ्यात आधी एवढं वाच, मग पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. कौसल्या जिवंत आहे. शुद्धीवर आली, बोलायला लागली, दसऱ्यानंतर तिचं ऑपरेशनसुद्धा झालं. आत्ता मी हे लिहायला बसले आहे आणि ती पलीकडच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर बसून श्रेयाला भात कसा आंबवायचा ते सांगते आहे. श्रेयाला त्यातलं निम्मंही कळत नाहीये, पण ती मान हलवते आहे. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावरून तू ‘चहा घेऊन येतो’ म्हणून उठलास तेव्हा डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. एक दिवस, हितेंद्र. एक दिवस तू त्या बाकावर बसून राहिला असतास तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

तुझा फोन मला स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात सापडला. म्हणजे तू हॉस्पिटलमधून आधी घरी येऊन गेलास. मी तेव्हा कौसल्याच्या नवऱ्याबरोबर, रघुवीरबरोबर, रक्तपेढीत होते, श्रेया क्लासला होती, आई झोपल्या होत्या. फोन ठेवलास, चपला बदलल्यास आणि गेलास. चपला का बदलल्यास यावर मी किती विचार केला असेल! कधी वाटतं, लांब चालायचं होतं म्हणून. म्हणजे तू कुठेतरी चालतो आहेस, जिवंत आहेस. कधी वाटतं, घरातली चांगली जोडी कशाला वाया घालवायची असा हिशेब केलास. तो विचार आला की मी उठून नळ सोडते आणि उगाच भांडी घासत बसते. आई रोज सकाळी दार उघडलं की विचारतात, “इलो काय गो?” मी म्हणते, “येतील, आई.” परवा त्यांनी विचारलंच नाही. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघून आत गेल्या. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

तुला आठवतं का, गिरगावातला प्रेस बंद झाला तेव्हा तू घरी आलास आणि म्हणालास, आता लोक लग्नपत्रिकाही फोनवरच पाठवतात, माझ्या अक्षरांचं काय करू? चाळ पाडून इमारत झाली तेव्हा तुझ्या बाबांचं आणि काकांचं अशी दोन घरं आपल्याला शेजारीशेजारी मिळाली होती. काकांच्या घरात पेशंटच्या नातेवाइकांना ठेवायचं ही कल्पना माझी. ‘सोबत’ हे नाव तुझं. वेबसाइट मात्र तू कुणाकडून तरी इंग्रजीत करून घेतलीस आणि त्यावर कुठल्याशा हॉटेलातल्या पांढऱ्याशुभ्र गादीचा फोटो टाकलास. मी म्हटलं, अरे, ही गादी आपल्याकडे कुठे आहे? तू म्हणालास, असंच असतं. आणि मग आपण दोघं दोन रिकाम्या खोल्यांमध्ये फोन वाजायची वाट बघत बसलो. परळच्या हॉस्पिटलांच्या फाटकाबाहेर बाहेरगावची माणसं सामान घेऊन उभी असायची. एजंट त्यांना कुठे कुठे घेऊन जायचे. आपण पाच मिनिटांवर आणि आपल्याकडे चिटपाखरू नाही.

मग ते बर्धमानचे मास्तर आले. तेही चुकूनच, आपल्या केमिस्टने पाठवलं म्हणून. जाताना ते तुला म्हणाले होते, “मेरी बीवी ने आपका वेबसाइट देखा था. बोली, ये बड़े लोगों का होटल है, इंग्लिश में है.” हे ऐकून तू जेवलाच नाहीस. त्या दिवशी तू त्यांच्यासमोर कागद ठेवलास आणि म्हणालास, तुमच्या बायकोला काय वाचायला आवडलं असतं ते लिहा. त्यांनी लिहिलं की इथे स्वयंपाकाला गॅस आहे, मासे शिजवायला मनाई नाही, लिफ्ट आहे, हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि घरच्या बाईला दीदी म्हटलेलं चालतं. मासे शिजवायला मनाई नाही! आपल्याला सात जन्मात सुचलं नसतं. आपण लिहिलं होतं ‘सर्व सोयींनी युक्त’.

ते बंगाली पान लागलं आणि महिनाभरात फोन सुरू झाले. मालदा, सिलिगुडी, आगरतळा. मग ओडिया, मग तेलुगू, मग असमिया, हिंदी तर होतीच. प्रत्येक पान आपल्याकडे राहून गेलेल्या माणसाने लिहिलेलं, आणि त्याच भाषेतल्या दुसऱ्या माणसाने वाचलेलं. हा तुझा प्रेसमधला नियम. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, त्याशिवाय मशीनवर चढवायचं नाही. मला तेव्हा वाटायचं, किती ताणतोस. पण मी बघत होते ना. माणसं यायची ती आधीच ओळख असल्यासारखी यायची. फोनवर घासाघीस नाही, शंका नाही. कुठले कागद आणायचे ते वाचून आलेली, स्टेशनवर कुणाच्या हाती न लागता थेट आपल्या दारात. परत गेली की गावातल्या दुसऱ्या घराला तेच पान दाखवायची. मजल्यावरची आणखी दोन घरं आपण भाड्याने घेतली. डबे कमी पडायला लागले म्हणून खालच्या प्रितीवहिनी आणि रश्मीताई स्वयंपाकाला आल्या. तो केमिस्ट तुझ्या मागे लागला, मलाही बंगालीत पाटी करून दे. व्हीलचेअर भाड्याने देणारा आला. तू म्हणायचास, “मृणाल, दुखणं आलं की माणूस शिकलेल्या भाषा विसरतो गं. आईच्या भाषेतच वाचतो.” आणि प्रेस बंद झाल्यापासून वाकलेला तू परत ताठ चालायला लागलास. दादरला माझ्या बाबांकडे गेलो की आधी तू कोपऱ्यात बसून पेपर वाचायचास, आता त्यांना ओडिया अक्षरांचे गोल कसे वळतात ते काढून दाखवायला लागलास.

म्हणून त्या स्कॅन सेंटरने तुला बोलावलं तेव्हा मला किती आनंद झाला होता. आता त्यांचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. नवं मशीन आलं होतं, उद्घाटन होतं, पाहुणे यायचे होते, त्यांना पेशंटसाठीच्या सूचनांची पाच भाषांतली पानं त्याआधी हवी होती. ओडिया लिहिणारं त्या आठवड्यात आपल्याकडे कुणी नव्हतं. ते मॅनेजर म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरच करतो, कशाला माणूस शोधता? तू कॉम्प्युटरकडून करून घेतलंस. पाठवताना खाली लिहिलंस की सोमवारी एका ओडिया माणसाला दाखवतो, तोवर लावू नका. त्यांनी लावलं. तो मेल मी तुझ्या फोनमध्ये वाचला आहे, हितेंद्र. तू रघुवीरला ते सांगितलंच नाहीस. डॉक्टरांना नाही, मलाही नाही. का नाही सांगितलंस?

मराठीत होतं, ‘इन्सुलिन न घेता या.’ ओडियात त्यातला ‘न’ राहून गेला. रघुवीर म्हणतो, त्यांच्या भाषेतही तो तेवढाच असतो, एक अक्षर. उपाशीपोटी कौसल्याने इन्सुलिन घेतलं आणि स्कॅनच्या रांगेत खुर्चीवरून घसरून डोक्यावर पडली, रक्त गेलं. रघुवीरने ते पान आदल्या दिवशी आपल्याच व्हरांड्यात बसून मोठ्याने वाचलं होतं. मी तिथेच डाळ निवडत होते. मला काय कळणार? तो कौतुकाने म्हणाला होता, “देखिए दीदी, हमारी भाषा में है. हितेंद्रभाई का काम है.” परक्या भाषेत असतं तर त्याने चार जणांना विचारलं असतं, नर्सला विचारलं असतं. आपल्या भाषेत होतं म्हणून त्याने कुणालाच विचारलं नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्यांदा बोलले आहे की आता त्याचा अर्थही लागत नाही.

आणि मग तो तुला आयसीयूच्या बाहेर जे बोलला तेही मी ऐकलं. “आपने हमको हमारी ही भाषा में मार दिया.” ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. तुझा चेहरा मी पाहिला. तुझे बाबा गेले तेव्हाही तो तसा झाला नव्हता. मी तेव्हा तुझ्याशेजारी बसायला हवं होतं की त्याच्याबरोबर रक्ताला जायला हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. आता त्याच रघुवीरचं ऐक. डॉक्टरांनी त्यांना गावी जायची परवानगी दिली आहे. तो जात नाही. तुझा फोटो खिशात घालून तो दादरला फिरतो, लालबागला फिरतो, स्टेशनांवर, गुरुद्वाराच्या लंगरात, फुटपाथवर झोपलेल्यांची पांघरुणं उचलून बघतो. दोनदा मार खाता खाता वाचला. मी म्हटलं, तुम्ही जा हो, शेताची कापणी आली असेल. तर म्हणाला, “वो मेरी बात लेकर गए हैं. वो बात मुझे वापस लेनी है.”

आता माझं सांगते. तू गेल्यावर मी सगळी पानं काढून टाकली. श्रेयाला म्हटलं, पुसून टाक, बंगाली, तेलुगू, सगळं, एक भाषा ठेवू नकोस. ती रडत होती, मी ऐकलं नाही. मला वाटलं, नको हा धंदा. ज्याच्यावर माणूस इतका विश्वास ठेवतो ते आपल्या हातात असूच नये. फक्त इंग्रजी ठेवलं. हळूहळू फोन थांबले. खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. रश्मीताई एक दिवस विचारायला आल्या, उद्या येऊ की नको. त्यांच्या नजरेला मला नजर देता आली नाही. धंदा बुडत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. मग एका सकाळी कौसल्याचे रिपोर्ट आणायला गेले तर हॉस्पिटलच्या भिंतीला लागून एक असमिया बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या नाकात नळी. बाईने मला ओळखलं! वेबसाइटवर माझा फोटो आहे ना, घरच्या बाईचा. तिने फोन पुढे केला. आपलं असमिया पान तिच्या भावाने गावाकडे फोटो काढून ठेवलेलं. आत्ता उघडायला गेली तर पान नाही, त्यावरचा नंबर फोटोत कापला गेलेला. एका एजंटने कुठल्याशा खोलीचे पैसे आधीच घेतले आणि खोली मिळालीच नाही, हे तिच्या भावाने नंतर फोनवर सांगितलं. ती मला काहीतरी सांगत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि ती मात्र हसत होती. मी सापडले म्हणून.

तिला घरी आणलं. श्रेयाला म्हटलं, लाव सगळी पानं परत. ती म्हणाली, “मी पुसलीच नव्हती गं आई, नुसती लपवली होती.” तुझीच मुलगी. बारावीचं वर्ष आहे आणि ती रोज संध्याकाळी फोन लावून प्रत्येक भाषेतल्या माणसाकडून प्रत्येक ओळ वाचून घेते. अभ्यास कर म्हणायचं धैर्य माझ्यात नाही. खोल्या पुन्हा भरल्या आहेत. त्या स्कॅन सेंटरने मात्र घाबरून सगळ्या भाषा काढून टाकल्या, आता तिथे इंग्रजीच. परवा मालद्याचे एक आजोबा तिथून स्कॅन न होता परत आले, कारण ते सकाळी पोटभर खाऊन गेले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुला कळतंय का मी काय म्हणते आहे? न सांगण्यानेही माणसं मरतात, हितेंद्र. फक्त त्याचा ठपका कुणावर येत नाही.

पोलिसात तक्रार दिली आहे. त्यांनी विचारलं, घरात भांडण? कर्ज? दुसरी बाई? मी सगळ्याला नाही म्हटलं. मग काय कारण लिहू, असं त्यांनी विचारलं. एक अक्षर, असं कसं सांगू?

आज सकाळी वडाळ्याच्या रेल्वे पोलिसांचा फोन आला. रुळांच्या कडेला एक माणूस सापडला आहे, वय, उंची, निळा शर्ट, तुमच्या वर्णनाशी जुळतं, येऊन बघून जा. आईंना सांगितलं बाजारात जाते. श्रेयाला काहीच सांगितलं नाही. रघुवीर बरोबर आला. शवागाराच्या बाहेर मी त्याचा हात धरून उभी होते. ज्याने तुला ते वाक्य ऐकवलं त्याचाच हात. दुसरा कुणाचा धरणार होते? चादर सरकवली. तू नव्हतास. हितेंद्र, तू नव्हतास! मी हसले. मोठ्याने हसले. तो हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. आणि मग त्या माणसाच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. कोपराच्या खाली काहीतरी गोंदलेलं होतं. हवालदार म्हणाला, कुठलीतरी डिझाइन आहे. ती डिझाइन नव्हती. ती गोल, डोक्यावर टोपी असलेली अक्षरं मी रोज आपल्या वेबसाइटवर बघते. मला वाचता येत नाहीत, पण ती तेलुगू आहेत एवढं कळतं. मी फोटो काढून विजयनगरमच्या मायाला पाठवला, आपलं तेलुगू पान लिहिणाऱ्या मायाला. तिने लगेच फोन केला. म्हणाली, “दीदी, एका बाईचं नाव आहे. सत्यवती. खाली गावाचं नाव आहे.” हवालदाराने ते लिहून घेतलं. बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. कुठल्यातरी गावात एक सत्यवती असेल, तिलाही कुणी विचारत असेल, आले का म्हणून. आणि मी तिच्या माणसाकडे बघून हसले होते.

तिथून घरी आले ती थेट लिहायलाच बसले. पुन्हा असा फोन येईल. पुन्हा चादर सरकवतील. दरवेळी मला हसता येईल का, माहीत नाही. आता माझ्यात वाट बघत बसण्याचं बळ उरलेलं नाही, म्हणून हे पत्र मी तुला पोस्टाने पाठवत नाहीये. तुझा पत्ताच कुठे आहे माझ्याकडे? हे उद्या सकाळी ‘सोबत’च्या वेबसाइटवर लागेल, प्रत्येक भाषेच्या पानावर, खोल्यांच्या माहितीच्याही वर. मराठी माझं. ओडिया रघुवीर आत बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे आणि कौसल्या त्याला तपासून देणार आहे. बंगाली मास्तर करतील, तेलुगू माया, असमिया त्या मुलीच्या आईचा भाऊ. आपलं घरातलं सगळं लोक वाचतील, वाचू देत. ज्या घरांनी आपल्याकडे दुखणी काढली ती घरं या देशात कुठे कुठे पसरली आहेत, आणि त्यांतल्या एका तरी घराच्या आसपास, एखाद्या देवळात, धर्मशाळेत, प्रेसमध्ये, कुठेतरी तू असशील. नसलास तरी वाचणाऱ्याने पत्राखालचा हा तुझा फोटो बघावा. माणूस शांत आहे, कुणाला त्रास देणार नाही, कुठेही छापलेलं दिसलं की थांबून वाचतो. त्याला एवढंच सांगा की कौसल्या जगली. बाकी काही सांगू नका. तो स्वतःच उठून निघेल. हितेंद्र, तू कुठल्या भाषेच्या मुलखात गप्प बसला आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून मला येत नाहीत त्या भाषांतूनही तुला हाक मारते आहे.

दार लोटून घेतलेलं आहे, कडी लावलेली नाही.

तुझीच, अजूनही तुझीच,
मृणाल